बहिरी ससाणा परत कसा आला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहिरी ससाणा म्हणजे नेमका कोणता पक्षी? शाहीन तोच का?

जगभर पेरेग्रीन फाल्कन म्हणून ओळखला जातो तो हाच. शास्त्रीय नाव फाल्को पेरेग्रिनस. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर तो आहे. त्याच्या सुमारे १९ उपजाती मानतात आणि भारतीय उपखंडातल्या कड्यांवर राहणारा शाहीन ही त्यांतलीच एक. आकार कावळ्याएवढा, पण मादी नरापेक्षा बरीच थोराड: नर ६०० ग्रॅमच्या आसपास, तर मादी ९०० ग्रॅमच्या पुढेमागे. पंख आवळून भक्ष्यावर झेप घेताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो.

पुढची उत्तरे मुख्यतः अमेरिकेतल्या मोहिमेबद्दल आहेत. हा पक्षी मोठ्या प्रदेशातून साफ नाहीसा झाला आणि माणसांनी तो परत आणला, असे तिथे घडले. आणि प्रत्येक पायरीची नोंदही राहिली.

तो किती कमी झाला होता?

मिसिसिपी नदीच्या पूर्वेला १९४०च्या सुमारास पक्षीशास्त्रज्ञ जोसेफ हिकी यांनी सुमारे ३५० जोड्यांचा अंदाज बांधला होता. १९६४ मध्ये त्याच पट्ट्यातली १३३ जुनी घरट्यांची ठिकाणे पुन्हा तपासली गेली. एकाही ठिकाणी जोडी नव्हती. १९७५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅनाटम उपजातीच्या माहीत असलेल्या जोड्या होत्या ३२४. पॅसिफिकच्या उत्तर किनाऱ्यावरची पील्स नावाची उपजात मात्र जवळजवळ शाबूत राहिली. ती बहुतांशी समुद्रपक्ष्यांवर जगते आणि फारसे स्थलांतर करत नाही, त्यामुळे शेतातले विष तिच्या ताटात कमी आले.

डीडीटी खाऊन ससाणे मरत होते का?

बहुतेक नाही, आणि म्हणूनच खरे कारण हाती लागायला वेळ लागला. मेलेले पक्षी सापडत नव्हते. जोड्या कड्यावर हजर असत, अंडी घालत, उबवायला बसत. पण पिल्ले दिसत नसत.

डीडीटी हे शेतात सर्रास फवारले जाणारे कीटकनाशक. ते शरीरात गेल्यावर त्याचे डीडीई हे रसायन बनते. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठते आणि वर्षानुवर्षे टिकते. किडे, ते खाणारे लहान पक्षी, ते पक्षी खाणारा ससाणा, अशा प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण चढत जाते. मादीच्या शरीरात अंड्याचे कवच जिथे चढते, त्या ग्रंथीत कॅल्शियम पोचवणाऱ्या विकरांचे काम डीडीई मंदावते. निरोगी कवच सुमारे ०.३६ मिलिमीटर जाड असते. ते सरासरी १७ ते २० टक्क्यांनी पातळ झाले की त्या भागातली संख्या घसरू लागते. मादी अंड्यांवर बसते आणि तिच्याच वजनाने अंडे चेपते. जे चेपत नाही त्यातले पाणी पातळ कवचातून लवकर उडून जाते आणि गर्भ आतच सुकतो.

ब्रिटनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे बियाण्याला चोळलेल्या ऑल्ड्रिन आणि डिल्ड्रिन या कीटकनाशकांनी प्रौढ पक्षीही मेले: कबुतरांनी ते दाणे खाल्ले, ससाण्यांनी ती कबुतरे. त्यामुळे ‘सगळा दोष डीडीटीचा’ हे वाक्य अमेरिकेपुरते बरेचसे खरे आहे, सगळीकडे नाही.

कवच पातळ होतेय हे कळले कसे?

गंमत अशी की सुरुवात उलट्या तक्रारीने झाली. ब्रिटनमध्ये शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी ससाणे फार माजलेत अशी ओरड केली. १९६१-६२ मध्ये पक्षी अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांच्याकडे पाहणी आली आणि ससाणे माजलेले नाहीत, झपाट्याने संपत चालले आहेत, असे दिसून आले. घरट्यांत फुटलेली अंडी वारंवार आढळत होती.

मग प्रश्न आला जुन्या अंड्यांशी तुलना करण्याचा. संग्रहातल्या जुन्या रिकाम्या कवचाला एकच बारीक भोक असते, जाडी मोजायला ते फोडता येत नाही. रॅटक्लिफ यांनी साधे गुणोत्तर वापरले: रिकाम्या कवचाचे वजन मिलिग्रॅममध्ये घ्यायचे आणि त्याला लांबी गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, याने भागायचे. आकडा घसरला की कवच पातळ झाले. संग्रहांतली शेकडो अंडी अशी मोजल्यावर घसरण १९४७च्या सुमारास एकाएकी सुरू झालेली दिसली, म्हणजे डीडीटी सर्रास वापरात आल्याबरोबर. हे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी हिकी आणि डॅनियल अँडरसन यांनी अमेरिकेतल्या अंड्यांबाबत तेच दाखवले. घरटी लुटणाऱ्या हौशी संग्राहकांच्या कपाटांतली अंडीच शेवटी पुरावा म्हणून कामी आली.

डीडीटीवर बंदी आल्यावर पक्षी आपोआप परतले नसते का?

बंदी नसती तर बाकीचे सगळे श्रम पाण्यात गेले असते, एवढे आधी मान्य करू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७२ च्या जूनमध्ये आदेश काढला आणि वर्षअखेरीस शेतीतला बहुतेक वापर थांबला. जिथे थोड्या जोड्या उरल्या होत्या, उदाहरणार्थ अलास्कात, तिथे संख्या बऱ्याच अंशी स्वतःहून सावरली.

पूर्वेकडे उरलेच काही नव्हते. ससाण्याची पिल्ले मोठी झाल्यावर जन्मस्थानाच्या आसपासच जागा शोधतात, तेव्हा शेकडो किलोमीटर रिकाम्या प्रदेशात पक्षी पसरायला कित्येक दशके लागली असती. शिवाय अंड्यांतले डीडीई बंदीनंतरही पुष्कळ वर्षे मोजता येत होते. मातीतून ते लवकर जात नाही, आणि ज्या देशांत डीडीटी चालू होते तिथून हिवाळा काढून आलेले पक्षी ते अंगात घेऊनच येत. आमच्या मते क्रम असा लावावा: बंदीने पक्ष्याला जगणे शक्य केले, आणि पिल्ले सोडण्याच्या कामाने तो काळ आखडला.

बंदिस्त जागेत त्यांची वीण कशी केली?

हे ज्ञान बाजदारांकडून, म्हणजे ससाणे शिकवून त्यांच्याकडून शिकार करून घेणाऱ्यांकडून आले. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठातले पक्षीशास्त्रज्ञ टॉम केड स्वतः बाजदार होते. त्यांनी १९७० मध्ये पेरेग्रीन फंड ही संस्था उभी केली. त्याच राज्यात हाइन्झ मेंग या दुसऱ्या बाजदारांना १९७१ मध्ये एका जोडीपासून पिल्ले मिळाली होती. ती जोडी त्यांनी केड यांना दिली. १९७३ मध्ये कॉर्नेलला तीन जोड्यांपासून २० पिल्ले मिळाली आणि हे जमते याबद्दल शंका उरली नाही.

जे शिकायला मिळाले ते असे. रानातून धरलेले प्रौढ पक्षी बंदिवासात सहसा वीण करत नाहीत. पिल्लू असतानाच आणलेले आणि भावंडांसोबत वाढलेले करतात. खोलीच्या भिंती भरीव हव्यात, पक्ष्याला बाहेरची माणसे दिसता कामा नयेत. उजेड आणि हवा वरून. गज असतील तर उभे, कारण आडव्या गजांवर किंवा जाळीवर झेपावून पिसे मोडतात. उंचावर रेतीखडीची कपार ठेवायची. मादी अंगाने मोठी, नर आवडला नाही तर त्याला ठार करू शकते. म्हणून नराला निसटून बसायला वेगळी जागा आणि खाण्याचा वेगळा ओटा लागतो.

जोडी जमली नाही तर कृत्रिम रेतन. माणसाच्या हातावर वाढलेला नर माणसालाच जोडीदार मानतो. त्याच्यासाठी कडेला खोबण असलेली रबरी टोपी घालून उभे राहायचे, तो टोपीवर उतरतो आणि रेत खोबणीत जमते. दिसायला हास्यास्पद, पण अनेक पिढ्यांचे ससाणे या टोपीचे ऋणी आहेत.

अंडी काढून घेतल्यावर मादी पुन्हा घालते का?

घालते. सहसा तीन-चार अंड्यांचा संच असतो. सगळी अंडी एकदम उचलली तर साधारण दोन आठवड्यांत दुसरा संच सुरू होतो. पहिला संच यंत्रात, दुसरा आईकडे, म्हणजे एका हंगामात पिल्ले जवळजवळ दुप्पट. अंडी पहिल्याच दिवशी उचलू नयेत. आईने सात-दहा दिवस उबवलेली अंडी यंत्रात कितीतरी चांगली फुटतात. फार उशीर केला तर मात्र दुसरा संच येण्याची शक्यता घटते.

उबवणी यंत्रात काय सांभाळावे लागते?

तापमान ३७.५ अंश सेल्सिअस आणि दिवसातून अनेक वेळा अंडे फिरवणे. एवढे बहुतेकांना जमते. घोळ होतो तो आर्द्रतेत.

अंड्याने घातल्यापासून टोचा पडेपर्यंत, म्हणजे पिल्लू आतून कवचाला पहिला छेद देईपर्यंत, आपल्या वजनाच्या सुमारे १५ टक्के पाणी गमवायला हवे. ताजे अंडे ४५ ग्रॅमचे धरले तर सुमारे पावणेसात ग्रॅम. ३२ दिवसांवर वाटले तर रोज सुमारे ०.२१ ग्रॅम. म्हणून प्रत्येक अंडे नेमाने अचूक काट्यावर तोलायचे आणि वजनाचा आलेख काढायचा. वजन फार लवकर उतरत असेल, आणि डीडीईग्रस्त पातळ अंड्यांत ते हमखास होते, तर आर्द्रता वाढवायची. तरीही भागले नाही तर कवचाच्या काही भागावर वितळलेल्या मेणाचा पातळ हात द्यायचा म्हणजे छिद्रे बुजतात. बारीक तडा गेला असेल तर तोही असाच सांधतात. पूर्ण अंडे मात्र माखू नये, गर्भाला श्वास त्याच छिद्रांतून मिळतो. उलट वजन उतरतच नसेल तर आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू टोचा मारायच्या वेळी ओलसर, सुजलेले असते व गुदमरते.

टोचा पडल्यापासून बाहेर यायला सुमारे दोन दिवस लागतात. या काळात घाईने कवच सोलून ‘मदत’ करणे ही नवख्यांची ठरलेली चूक. रक्तवाहिन्या अजून आत ओढल्या गेलेल्या नसतात, पिल्लू रक्तस्रावाने जाते.

पिल्लू माणसालाच आई समजू लागले तर?

तर ते सोडण्याच्या कामाचे नाही. पहिले काही दिवस हाताने भरवणे चालते: लाव्याचे मांस, सुरुवातीला कातडी-पिसे काढून, बारीक करून. डोळ्यांना नीट दिसून ओळख पटू लागण्याच्या आत पिल्ले प्रौढ ससाण्यांच्या हवाली करतात. ते परक्यांची पिल्लेही मुकाट्याने भरवतात. एकटे पिल्लू कधीच वाढवत नाहीत, निदान दोन-तीन बरोबर ठेवतात.

‘हॅकिंग’ म्हणजे काय, आणि ते कसे करतात?

संगणकाशी संबंध नाही. बाजदारीतला शतकांपूर्वीचा शब्द आहे: पिल्लू एका ठिकाणी मोकळे सोडायचे, अन्न तिथेच देत राहायचे आणि त्याला आपले आपण उडायला शिकू द्यायचे.

पिल्ले साधारण ३५ दिवसांची झाली की तीन ते सहांच्या गटाने पुढून गज असलेल्या पेटीत ठेवतात. पेटी कड्यावर, मनोऱ्यावर किंवा उंच इमारतीच्या छतावर असते, समोरचा सगळा मुलूख आतून दिसावा अशी. अन्न मागच्या बाजूने नळीतून टाकतात, देणारा माणूस दिसत नाही. साधारण आठवडाभर पिल्ले जागा न्याहाळतात. नंतर, ४२ दिवसांच्या आसपास, पुढचे गज काढतात. काढण्यापूर्वी पोटभर खायला घालायचे आणि वारा नसलेला दिवस निवडायचा, नाहीतर घाबरून केलेले पहिलेच उड्डाण त्यांना दूर नेऊन टाकते. त्यानंतर चार ते सहा आठवडे रोज न चुकता लावे किंवा कोंबडीची पिल्ले ठेवायची. पिल्ले आधी किड्यांमागे धावतात, मग एकमेकांवर झेपा टाकतात, मग एक दिवस स्वतःचे पाखरू मारतात. हळूहळू अन्नाकडे फिरकेनाशी होतात, तेव्हा थांबायचे.

दोन राखणदार पूर्ण वेळ लागतात. कोण कधी उडाले, कोण दोन दिवस अन्नावर आले नाही, याची वही नसेल तर बिघाड कळेपर्यंत उशीर झालेला असतो. १९७५ मध्ये अशी १६ पिल्ले सोडली. १९९९ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या सरकारी यादीतून पक्षी बाहेर पडेपर्यंत वेगवेगळ्या संस्थांनी मिळून सोडलेल्या पक्ष्यांचा आकडा ६,०००च्या पुढे गेला होता.

मग जुन्या कड्यांवरच का नाही सोडली?

सोडली होती. मोठ्या शिंगवाल्या अमेरिकन घुबडाने रात्री उचलून नेली. रानातल्या पिल्लांना राखायला आईबाप असतात, पेटीतल्यांना कोणी नसते. म्हणून अटलांटिक किनाऱ्याच्या खारपाणथळीत, झाडे आणि कडे दोन्ही नसलेल्या जागी, मनोरे उभारले गेले. १९८० मध्ये न्यू जर्सीत अशाच सोडलेल्या पक्ष्यांनी घरटे केले; पूर्वेकडे १९५०च्या दशकानंतरचे हे पहिलेच.

हॅकिंगशिवाय दुसरा मार्ग होता का?

जिथे रानटी जोडी आहे पण अंडी फुटताहेत तिथे होता. तिची पातळ अंडी काढून यंत्रात न्यायची, जागी नकली अंडी ठेवायची म्हणजे ती बसून राहते, आणि दोन-तीन आठवड्यांची पिल्ले आणून तिच्यापुढे ठेवायची. ती क्षणभर बघते आणि भरवू लागते. पश्चिमेत हे पुष्कळ झाले. खर्च कमी आणि पिल्लांना खरे आईबाप मिळतात, म्हणून जमेल तिथे हाच मार्ग बरा. प्रेअरी ससाणा या दुसऱ्या जातीच्या घरट्यातही पिल्ले दिली गेली.

ससाणे शहरात कसे काय?

उंच इमारत म्हणजे त्याच्या लेखी कडाच. घुबड नाही, कबुतरे मुबलक. बाल्टिमोरमध्ये स्कार्लेट नावाची सोडलेली मादी एका गगनचुंबी इमारतीच्या कठड्यावर राहिली. जोडीदार टिकेना, म्हणून कित्येक हंगाम तिला दत्तक पिल्ले दिली गेली आणि १९८४ मध्ये तिची स्वतःची पिल्ले झाली. न्यूयॉर्कमध्ये १९८३ मध्ये पहिली घरटी झाली ती पुलांवर.

पुलांची एक अडचण आहे: पहिले उड्डाण फसले तर खाली पाणी. व्हर्जिनियात म्हणूनच धोक्याच्या पुलांवरची काही पिल्ले काढून डोंगरातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात हॅकिंगला नेतात.

इमारतीवर घरट्याची पेटी बसवायची तर कशी?

ससाणा काड्या जमवत नाही, पायाने खडीत खळगा करतो. सपाट सिमेंटवर अंडी घरंगळतात, पावसाचे पाणी साचले की थंड पडतात. पुष्कळ शहरी घरटी एवढ्याच कारणाने वाया जातात.

पेटी साधारण ९० सेंटिमीटर रुंद, ६० खोल, ६० उंच. पुढून उघडी, वर छप्पर, पुढे दहा-पंधरा सेंटिमीटरची पट्टी म्हणजे खडी आणि पिल्ले सांडत नाहीत. तळाला निचऱ्याची भोके, त्यांवर जाळी. आत आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा गोल, वाटाण्याएवढ्या खडीचा थर. फोडलेली धारदार खडी कवचाला ओरखडे पाडते आणि वाळू ओली राहते व वाऱ्याने उडते. तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. बाहेर बसायला एक दांडा. घट्ट बांधा, उंचावर वारा फार असतो. हंगाम संपल्यावर खडी बदला; अंडी असताना जवळ जाऊ नका, मादी डोक्यावर हल्ला करते आणि अंडी गारठतात ते वेगळेच. अमेरिकेत चालू घरट्याला हात लावायला परवाना लागतो.

रस्त्यावर उतरलेले पिल्लू सापडले तर?

बहुतेकदा ते जखमी नसते, पहिले उड्डाण अंगावर आलेले असते. रस्त्यावरून उंच उठण्याचे बळ त्याच्यात नसते. टॉवेल टाकून धरा, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी किंवा अन्न भरवू नका, आणि वन्यजीव सुटकेचा परवाना असलेल्यांना बोलवा. धडधाकट असेल तर ते त्याला छतावर परत ठेवतात. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देतात ही समजूत खोटी आहे. काचेवर आपटलेले पिल्लू मात्र वरून बरे दिसले तरी तपासायलाच हवे.

सोडलेले पक्षी मूळच्याच वाणाचे होते का?

पूर्वेकडे नव्हते. तिथला मूळ वाण संपला होता, म्हणून स्कॉटलंड, स्पेन, चिलीपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या सात उपजातींचे रक्त वापरले गेले. त्यावर कडाक्याचा वाद झाला. आमचे मत: पर्याय रिकामे कडे हाच असताना निर्णय योग्य होता, आणि कोणता वाण तगतो ते निवडायचे काम निसर्गावर सोडणेही.

यादीतून काढले म्हणजे संरक्षण संपले का?

नाही. आर्क्टिक उपजात १९९४ मध्ये आणि अ‍ॅनाटम उपजात २५ ऑगस्ट १९९९ रोजी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून वगळली. तेव्हा अमेरिका आणि कॅनडात किमान १,६५० जोड्या होत्या, ठरवलेले लक्ष्य होते ६३१. स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आजही लागू आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव व्यापारविषयक कराराचे नियंत्रण आहे. वगळल्यानंतर दर तीन वर्षांनी पाहण्या झाल्या. २००३ च्या पाहणीत उत्तर अमेरिकेत सुमारे ३,००५ जोड्यांचा अंदाज निघाला. मोजणी नेहमी जोड्यांची आणि उडालेल्या पिल्लांची करतात. किती सोडले हा आकडा फसवा असतो, कारण पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक मरतात.

हीच पद्धत गिधाडांना चालेल का?

अर्धी. भारतात डायक्लोफेनॅकने गिधाडे संपवली, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली आणि हरियाणात पिंजोरसारखी प्रजनन केंद्रे उभी राहिली, म्हणजे आराखडा तोच. पण गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि वयात यायला पाचेक वर्षे घेते. ससाणा दोन वर्षांत वयात येतो आणि तीन-चार अंडी देतो. शिवाय डायक्लोफेनॅक प्रौढ पक्ष्यालाच मारते. सोडलेल्या गिधाडासाठी एकच विषारी मृत जनावर पुरते, म्हणून सोडण्याआधी आसपासची मृत जनावरे आणि औषधांची दुकाने तपासावी लागतात.

कड्यांवर चढाई का बंद करतात, आणि किती दिवस?

मादी अंड्यांवरून वारंवार उठली की अंडी गार पडतात, आणि वरून आलेल्या माणसाला ती खालून आलेल्यापेक्षा जास्त घाबरते. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १ मार्च ते १५ जुलै या काळात घरटी असलेल्या कड्यांचे ठरावीक मार्ग बंद असतात. जोडीने त्या वर्षी जागा घेतलीच नाही असे पाहणीत ठरले तर तो मार्ग आधीच उघडतात. म्हणून गिर्यारोहकांनी निरीक्षकांना आपल्याला दिसलेले पक्षी, घरटे आणि वेळ जरूर कळवावी. बंदी लांबण्यापेक्षा आटोपण्यालाच त्याचा उपयोग अधिक होतो.